शेपटीकडचा रस्ता

त्या सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि पोटात गोळा आला. यकृताच्या पेशी वाढवलेल्या डिशमध्ये सगळीकडे बारीक, चकचकीत सुया पसरल्या होत्या. काही एकट्यादुकट्या, काही झुडपासारख्या एकाच बिंदूतून चहूकडे फुटलेल्या. पेशी तळाला निमूट चिकटून होत्या आणि त्यांच्यावर हे रान माजलं होतं. पेशी वाढवणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच शब्द सुचतो, तो म्हणजे बुरशी.

मी कोणाला काही विचारलंच नाही. तीन आठवडे जपलेल्या पेशी ब्लीचमध्ये ओतल्या, इनक्युबेटर रिकामा करून अल्कोहोलनं पुसला, त्याच्या तळातल्या ट्रेमधलं पाणी बदललं, पेशींना पोसणाऱ्या माध्यमाच्या उघडलेल्या बाटल्या फेकल्या. दुपारपर्यंत बोटांची कातडी पांढरी पडली होती. गोठवून ठेवलेल्या पेशी नव्यानं जाग्या केल्या, त्या मार्गी लागल्यावर पुन्हा प्रयोग लावला. दुसऱ्या सकाळी पाहते तर पुन्हा त्याच सुया.

या खेपेला डिश फेकण्याआधी प्रयोगशाळेतल्या काकांना दाखवली. काका आमचे तंत्रज्ञ. पदवी विचारली तर हसायचे, पण यंत्रं त्यांचं ऐकायची. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि डोळा न काढताच विचारलं, "बुरशी म्हणालीस ना? मग हिला फांद्या कुठं आहेत?" मग त्यांनी प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत गाळणारा ध्रुवक सरकवला, हळूहळू फिरवला आणि मला पुढं बसवलं. पेशी अंधारात गेल्या होत्या आणि सुया लख्ख पेटल्या होत्या. "स्फटिक आहेत. तुझेच आहेत, पोरी. तूच घातलेस."

माझेच होते. त्या डिशमध्ये मी हेक्झाडेकेनडायोइक ॲसिड घातलं होतं. 28.6 मिलिग्रॅम भुकटी एक मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवायची, त्यातले काही मायक्रोलिटर माध्यमात टाकायचे, इतकं साधं काम. भुकटी विरघळली होती, द्रावण पाण्यासारखं नितळ होतं. पण माध्यम मी थेट फ्रिजमधून काढून वापरलं होतं आणि ॲसिड घाईघाईनं एकदम सोडलं होतं. गार पाणी लागल्याबरोबर त्यानं आपलं आपलं ठरवून टाकलं आणि बाहेर पडलं. लगेच नाही, रात्रीतून.

तिथून पुढची साडेचार वर्षं मी या एका पदार्थाबरोबर काढली. पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम अर्धी ओळ मिळते. मेदाच्या चयापचयाचं प्रकरण तीस पानांचं असतं, त्यात कुठंतरी येतं की मेदाम्लांचं, म्हणजे चरबी ज्यांची बनते त्या ॲसिडांचं, थोडंसं ज्वलन दुसऱ्या टोकाकडूनही होतं आणि त्यातून दोन्ही टोकांना ॲसिड असलेली डायकार्बोक्झिलिक ॲसिडं तयार होतात, पण हा मार्ग गौण आहे. गौण! परीक्षेत यावर प्रश्न येत नाही हे माहीत असल्यामुळे मीही ती ओळ कधी धड वाचली नव्हती.

नाव लांबलचक असलं तरी प्रयोगशाळेत आम्ही त्याला नुसतं 'सोळा' म्हणायचो. पांढरी भुकटी. हवा कोरडी असली की स्पॅच्युलावरून उडून वजनकाट्याच्या काचेला जाऊन चिकटते आणि काट्यावरचा आकडा काही केल्या स्थिर होत नाही. शेजारच्या बाटलीत पामिटिक ॲसिड असायचं, तेही सोळा कार्बनांचंच. पामिटिक म्हणजे मेदाम्लांतला अगदी सामान्य नागरिक. पाम तेलात, लोण्यात, आपल्या कातडीखालच्या चरबीत, सगळीकडे असतो. त्याला एक डोकं आणि एक शेपूट. डोकं म्हणजे कार्बोक्झिल गट, त्याचं पाण्याशी जमतं. उरलेली पंधरा कार्बनांची तेलकट शेपटी पाण्यापासून तोंड फिरवते. माझ्या 'सोळा'मध्ये या शेपटीच्या अगदी शेवटच्या कार्बनवरही एक कार्बोक्झिल गट आहे. बदल एवढाच. रेणूचं वजन 256.4 वरून 286.4 वर जातं, म्हणजे अवघं तीसनं वाढतं. पण पामिटिक ॲसिड 63 अंशांच्या आसपास वितळतं, आणि याला 120 च्या वर न्यावं लागतं. कारण याचं प्रत्येक टोक शेजारच्या रेणूच्या टोकाला हात देतं, त्याचं दुसरं टोक पुढच्याला, आणि अशी घट्ट साखळी होत जाते. माझ्या डिशमधल्या सुया त्याच्याच.

मांडुळाला दोन तोंडं असतात अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. बिचाऱ्याची शेपटी बोथट असते, एवढाच त्याचा गुन्हा. या रेणूला मात्र खरोखरच दोन तोंडं आहेत, आणि त्याच्या आयुष्यात जे जे विचित्र घडतं ते सगळं या दुसऱ्या तोंडामुळं, हे कळायला मला फार वेळ लागला.

त्याचं जुनं नाव थॅप्सिक ॲसिड. थॅप्सिया नावाची, गाजराच्या कुळातली भूमध्य समुद्राकाठची एक विषारी वनस्पती आहे, तिच्यावरून पडलेलं. आमच्या फ्रीझरमध्ये थॅप्सिगार्जिन नावाचं एक जहाल रसायन असायचं. पेशीतला कॅल्शियमचा पंप बंद पाडायला ते वापरतात आणि हातमोजेही दुहेरी घालावे लागतात. तेही त्याच झाडाचं. एकाच मुळातले दोन भाऊ, एक कपाटात निरुपद्रवी पांढरा आणि एक उणे वीसला कुलपात. हे मला प्रबंध लिहिताना कळलं, आणि तेही तळटिपेत.

खरं तर वनस्पतींना या ॲसिडांचं आपल्यापेक्षा जास्त अप्रूप आहे. बुचाच्या झाडाची साल पाणी आत-बाहेर जाऊ देत नाही, कारण तिच्या पेशींच्या भिंतींत सुबेरिन असतं, आणि सुबेरिनच्या विणीत अशी लांब, दोन्ही टोकांनी बांधता येणारी ॲसिडं असतात. दोन टोकं असली की विणता येतं, एकाच टोकाचं काय विणणार? 1665 मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्या रिकाम्या कोठड्यांना 'सेल' म्हटलं. त्यानं पाहिलेल्या त्या भिंती याच घराण्यातल्या ॲसिडांच्या होत्या.

आता रस्त्याकडे. मेदाम्ल जाळायचा राजमार्ग सगळ्यांना ठाऊक असतो. मायटोकॉन्ड्रियात डोक्याच्या बाजूनं दोन-दोन कार्बन तोडत जायचे, याला बीटा-ऑक्सिडेशन म्हणतात. 1904 साली फ्रान्त्स क्नूप या जर्मन शास्त्रज्ञानं तो शोधला, आणि त्याची युक्ती आजही वाचताना मजा येते. किरणोत्सारी खुणा तेव्हा नव्हत्या. त्यानं मेदाम्लांच्या शेपटीला बेन्झिनचं कडं अडकवलं, ती कुत्र्यांना खाऊ घातली आणि लघवीत ते कडं कशाला चिकटून बाहेर येतं ते पाहिलं. शेपटी सम कार्बनांची असली तर एक पदार्थ, विषम असली तर दुसरा, आणि मधलं काहीच नाही. म्हणजे शरीर एकेक कार्बन तोडत नाही, जोडीनं तोडतं.

माझं मात्र दरवेळी त्या कड्याशी अडतं. क्नूपनं जिथं खूण बांधली ते शेपटीचंच टोक होतं. ज्या दारातून दुसरा रस्ता सुरू होतो, नेमक्या त्याच दाराला त्यानं कडी घातली. त्याच्या प्रयोगात तो रस्ता दिसणं शक्यच नव्हतं. हा दोष नव्हे. पण कुठलीही खूण बांधली की कुठलं तरी दार बंद होतं, हे मी स्वतःच्या खुणा बांधताना नंतर पुष्कळदा आठवलं आहे.

दुसरा रस्ता दिसायला 1930 चं दशक उजाडावं लागलं. नेदरलँड्समध्ये पीटर एडुआर्ड फेरकाडे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अकरा कार्बनांच्या मेदाम्लापासून बनवलेली चरबी खायला दिली. अकरा ही विषम संख्या, निसर्गातल्या चरबीत सहसा न आढळणारी, म्हणून ओळखायला सोपी. लघवीत त्यांना अकरा कार्बनांचं, पण दोन्ही टोकांना ॲसिड असलेलं संयुग मिळालं. शिवाय नऊ कार्बनांचं आणि सात कार्बनांचंही. अकरा, नऊ, सात. म्हणजे शरीरानं आधी शेपटीला दुसरं डोकं बसवलं आणि मग दोन-दोन कार्बन तोडायला घेतले. या रस्त्याला ओमेगा-ऑक्सिडेशन म्हणतात. ग्रीक वर्णमालेतलं शेवटचं अक्षर ते शेवटच्या कार्बनसाठी. हाच फेरकाडे पुढं कितीतरी वर्षं सेंद्रिय रसायनांची नावं कशी ठेवावीत हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचा अध्यक्ष होता. 'हेक्झाडेकेनडायोइक' असा शब्द लेबलवर लिहिताना माझी ओळ नेहमी वाकडी जायची, तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्यावर थोडी चिडायचे.

शेपटीला डोकं बसवणं सोपं नाही. शेवटच्या मिथिल गटाला, म्हणजे एक कार्बन आणि त्याचे तीन हायड्रोजन यांना, काही आकर्षण नसतं, तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. यकृतातले आणि मूत्रपिंडातले सायटोक्रोम पी450 कुळातले एन्झाइम, त्यातही सीवायपी4 ही शाखा, हवेतल्या ऑक्सिजनचा एक अणू नेमका तिथं नेऊन खोचतात. त्याचं अल्कोहोल होतं, मग अल्डिहाइड, मग ॲसिड. तीन पायऱ्या. एरवी या रस्त्यानं एकूण मेदाम्लांतला लहानसाच हिस्सा जातो. उपासात आणि मधुमेहात, म्हणजे चरबी वेगानं मोकळी होते आणि राजमार्गावर गर्दी उसळते तेव्हा, इकडची वाहतूक वाढते.

आणि राजमार्ग बंदच पडला तर?

माझ्या मार्गदर्शक बाई पूर्वी चयापचयाच्या जन्मजात आजारांच्या तपासणीत काम करत. एक जुना आलेख त्यांनी फाइलमध्ये जपून ठेवला होता, नावगाव खोडलेला. तान्ह्या बाळाच्या लघवीचा गॅस क्रोमॅटोग्राम, म्हणजे मिश्रणातला एकेक पदार्थ वेगळा सुळका म्हणून दाखवणारा आलेख. त्यावर तीन सुळके होते: सहा कार्बनांचं अडिपिक, आठचं सुबेरिक, दहाचं सेबॅसिक. चरबी जळताना यकृतात बनणारे कीटोन मात्र जवळजवळ नाहीत. बाई म्हणाल्या, "हे बघ आणि सांग, बाळाला काय झालं होतं?" मी गप्प. त्यांनी सुळक्यांवर पेन्सिल टेकवत समजावलं. या बाळाला मध्यम लांबीची मेदाम्लं तोडणारं एक एन्झाइम जन्मतःच मिळालेलं नाही. ते एमसीएडी. दूध वेळेवर मिळतंय तोवर कुणाला पत्ता लागत नाही. एके दिवशी ताप येतो, उलट्या होतात, बाळ पीत नाही. रात्र उपाशी जाते. साखर संपल्यावर शरीर चरबीकडे वळतं, चरबी राजमार्गावर अर्ध्यात अडकते, कीटोन बनत नाहीत, रक्तातली साखर तळाला जाते, बाळ झोपेतून उठत नाही. अडकलेली मेदाम्लं तोवर आडवाटेनं, शेपटीकडून, निघालेली असतात. लघवीतले सुळके ही त्यांची पावलं.

उपचार काय, तर उपाशी राहू द्यायचं नाही. इतकंच. वेळेवर कळलं तर ही मुलं चांगली वाढतात. म्हणून कित्येक देशांत आता जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर घेऊन तपासतात. बाईंनी फाइल मिटली. त्या बाळाचं काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून 'गौण' या शब्दाशी माझं बिनसलं.

या आडवाटेचा पुढचा टप्पा पेरॉक्सिसोममध्ये असतो. पेशीतल्या या गोल पिशव्यांचा थांग क्रिस्तियाँ द द्यूव्हच्या गटानं 1960 च्या दशकात लावला. आत मेदाम्ल तुटायला लागलं की पहिल्याच पायरीवर हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, आणि ते शमवायला शेजारी कॅटॅलेज बसलेलं असतं. नाव त्यावरूनच पडलं. मायटोकॉन्ड्रियात जाताना लांब मेदाम्लाला कार्निटिन या छोट्या रेणूचं पारपत्र दाखवावं लागतं. इथं ते लागत नाही, पडद्यातला वेगळा वाहक 'सोळा'ला उचलून आत नेतो. आत गेल्यावर सोळाचे चौदा, चौदाचे बारा, असं होत होत सहावर आलं की पुष्कळदा तिथंच थांबतं आणि अडिपिक ॲसिड मूत्रपिंडांतून बाहेर पडतं.

एक क्षण इथं थांबावंसं वाटतं. चरबी लघवीतून जात नसते. पाण्यात विरघळतच नाही, जाणार कशी? पण सहा कार्बनांच्या तुकड्याला दोन्ही बाजूंना पाण्याशी जमवून घेणारी टोकं असली की तो पाण्यात सुखेनैव विरघळतो. जळेना म्हणून अडकलेली चरबी शरीर चक्क धुऊन काढतं. दुसऱ्या टोकाची ही करामत.

आणि सहावर थांबलं नाही तर चारवर येतं. ते सक्सिनेट. जीवरसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक नियम घोकून घेतात: प्राण्यांना चरबीपासून साखर बनवता येत नाही. कारण सम संख्येच्या मेदाम्लाचे शेवटी दोन-दोन कार्बनांचे तुकडेच होतात. पामिटिकचे आठ. ते पेशीतल्या ऊर्जा काढणाऱ्या क्रेब्ज चक्रात जितके शिरतात तितकेच कार्बन डायऑक्साइड होऊन निघतात, हाती काही लागत नाही. पण 'सोळा' पूर्ण तुटला तर दोन-दोनचे सहा तुकडे आणि वर एक चारचा. हा चारचा तुकडा सरळ चक्राच्या मधल्या पायरीवर उतरतो आणि त्याच्यापासून साखर होऊ शकते. उपाशी उंदरांवरच्या प्रयोगांत ते दिसलेलंही आहे. रोजच्या जगण्यात यानं किती साखर बनत असेल? फार नाही. तरीही घोकलेल्या नियमाला अशी फट सापडली की मला अजून बालिश आनंद होतो.

मुख्य गोष्ट राहिलीच. सुया पडू नयेत म्हणून काय केलं? काकांनी सांगितलं तेच. भुकटी कोमट अल्कलीत विरघळवून तिचं सोडियम मीठ करायचं. दुसऱ्या भांड्यात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घ्यायचं, मेदाम्लं आधीच काढून टाकलेलं. 37 अंशांवर ठेवून, ढवळत, थेंब थेंब सोडायचं. प्रत्येक थेंब पडला की क्षणभर दुधाळ धूर उठतो आणि विरतो. तो विरेपर्यंत पुढचा थेंब टाकायचा नाही. अर्धा तास लागतो. मी घाई केली की काका लांबूनच "हं" म्हणायचे. अल्ब्युमिनच्या अंगावर मेदाम्लांसाठी खाचा असतात. त्यात हे रेणू जाऊन बसतात आणि मग गार पाणी लागलं तरी बाहेर पडत नाहीत. रक्तातही मेदाम्लं अशीच अल्ब्युमिनच्या खांद्यावर बसून हिंडतात.

माझ्या चंबूतली ही क्लृप्ती कोणीतरी कधीच औषधात उतरवली होती, हे मला फार उशिरा कळलं. दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन डेग्लुडेक म्हणजे इन्सुलिनच्या साखळीला एका दुव्यानं हाच सोळा कार्बनांचा डायॲसिड टांगलेला. एक टोक इन्सुलिनला बांधलेलं, दुसरं मोकळं. मधुमेहावरच्या सेमाग्लुटाइड या औषधात अठरा कार्बनांचा. आपल्या आतड्यातून येणारं मूळ जीएलपी-1 संप्रेरक रक्तात दोनेक मिनिटांत निम्मं होतं. त्याच्यासारख्या रेणूला साधं सोळाचं मेदाम्ल लावलं, म्हणजे लिराग्लुटाइड, तर तेरा तास. अठराचा डायॲसिड लावलेलं सेमाग्लुटाइड साधारण आठवडाभर टिकतं. बाकीही बदल त्यात आहेत, सगळं श्रेय एकट्या शेपटीला देता येणार नाही. पण ते मोकळं टोक अल्ब्युमिनला घट्ट धरून ठेवतं म्हणून रोजची सुई आठवड्यावर गेली, यात शंका नाही.

त्याच अठराच्या ॲसिडाची एक जुनी गोष्टही आहे. 1930 मध्ये ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या हाताखाली काम करणाऱ्या ज्युलियन हिलनं वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये काडी बुडवून वर ओढली आणि लांबच लांब धागा निघाला. गार झाल्यावर तो ताणला तर आणखी बळकट झाला. नायलॉनच्या आधीची ही पायरी. त्या पॉलिएस्टरमधलं ॲसिड अठरा कार्बनांचं, दोन्ही टोकांनी बांधता येणारं. बुचाच्या झाडाचं विणकाम माणसानं तिथं पुन्हा केलं.

संशोधनात मात्र या कुळातल्या ज्या रेणूवर माझा खरा जीव जडला तो तुटणारा नाही, न तुटणारा आहे. येरुशलेममध्ये जेकब बार-टाना यांच्या गटानं 1985 मध्ये एका पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली, मेडिका 16. हा माझाच 'सोळा', फक्त दोन्ही डोक्यांपासून ठरावीक अंतरावर, बीटा कार्बनवर, दोन-दोन मिथिल गट बसवलेले. बीटा-ऑक्सिडेशनला नेमका तोच कार्बन मोकळा लागतो. तिथं मिथिलचा खुंटा ठोकला की कात्री चालतच नाही. दोन्ही बाजूंनी बंद. शरीर त्याला मेदाम्ल समजून हाती घेतं आणि तोडता न आल्यानं तसंच धरून बसतं. उंदरांच्या रक्तातली चरबी त्यानं उतरली. एक कारण असं की एटीपी-सायट्रेट लायेज हे एन्झाइम तो अडवतो, आणि पेशीत मेद व कोलेस्टेरॉल बनवायला लागणारा कच्चा माल याच एन्झाइमकडून येतो.

मला यातली गंमत वाटते ती अशी, की ज्या रेणूकडे शरीर 'तोडून टाकायची वस्तू' म्हणून पाहतं, त्याला तोडता येणार नाही असं केलं की तोच हुकूम द्यायला लागतो.

मेडिका 16 आज प्रयोगशाळेच्या कपाटात असतं. पण त्याच विचाराचा एक भाऊबंद औषधाच्या दुकानापर्यंत पोचला. बेम्पेडोइक ॲसिड: पंधरा कार्बनांची साखळी, दोन्ही टोकांना कार्बोक्झिल, त्यांच्या लगतच्या कार्बनांवर दोन-दोन मिथिल आणि बरोबर मध्यावर एक हायड्रॉक्सिल. कागदावर काढून मधोमध घडी घातली तर एक बाजू दुसऱ्यावर तंतोतंत बसते. तेही एटीपी-सायट्रेट लायेज अडवतं, पण आधी त्याला कोएन्झाइम-ए हा मदतनीस रेणू चिकटवावा लागतो, आणि तो चिकटवणारं एन्झाइम यकृतात आहे, स्नायूंत नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधानं ज्यांचे स्नायू दुखतात त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. अमेरिकेत त्याला 2020 मध्ये परवानगी मिळाली. 2023 मध्ये 13,970 जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्टॅटिन न झेपणाऱ्या या लोकांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना 13 टक्क्यांनी कमी झाल्या. औषधाचे स्वतःचे त्रास आहेतच, युरिक ॲसिड वाढतं, गाउट हा सांध्यांचा आजार उद्भवतो. चमत्कार वगैरे काही नाही. पण निष्कर्ष आले त्या दिवशी मी बेम्पेडोइकचं चित्र काढून टेबलावर चिकटवलं होतं, घडीची रेघ आखून.

सरळमार्गी 'सोळा'ही अगदी निरागस नाही. 2015 मध्ये 3,980 जुळ्या बहिणींच्या रक्ताच्या तपासणीतून त्याचं प्रमाण आणि रक्तदाब यांचा संबंध पुढं आला. उंदरांना तो खाऊ घातला तर त्यांचा रक्तदाब वाढलाही. का, हे मला विचारू नका.

शेवटची गोष्ट माझ्या स्वतःच्या लघवीची आहे. यंत्राला तुलनेसाठी निरोगी माणसाचा नमुना लागतो, आणि प्रयोगशाळेत निरोगी माणूस म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही तो. मी नमुना दिला. अर्क काढला, वाळवला, सिलिल गट चिकटवले, यंत्रात सुई टोचली आणि आलेख उमटायची वाट पाहत बसले. सहाच्या जागी उंचच उंच सुळका! मी आदल्या रात्री जेवले नव्हते, त्यामुळं मला वाटलं, ही माझी आडवाट. माझी चरबी शेपटीकडून जळतेय! आलेख घेऊन पळत काकांकडे गेले.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आठचा कुठंय?"

आठचा नव्हता. दहाचाही नव्हता. कीटोनही बेताचेच.

"काल काय खाल्लंस?"

जेवले नव्हते हे खरं, पण संध्याकाळी एका वाढदिवसाला जेलीच्या दोन वाट्या संपवल्या होत्या. अडिपिक ॲसिड जेलीत आंबटपणासाठी घालतात, ई-355 या नावानं. आतड्यातून सरळ रक्तात आणि रक्तातून सरळ लघवीत. माझ्या यकृताचा त्यात काडीचा हात नव्हता. काकांनी आलेखावर पेनानं 'जेली' असं लिहून परत दिला.

पुढच्या आठवड्यात मी ठरवून चोवीस तास काही खाल्लं नाही, फक्त पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना लावला. कीटोनचा सुळका आधी आला, ऐटीत, कागदाच्या वरच्या कडेला टेकलेला. मग सहाचा, जेलीच्या मानानं अगदी बुटका. मी श्वास रोखून बसले होते. आठच्या जागी रेघ किंचित उचलली गेली, एक इवलासा उंचवटा, आणि पुन्हा खाली आली.

काकांना दाखवायला गेले तर ते जेवायला गेले होते.